कुणाला बसवायचं?

चौथीच्या जादा तासाला गुरुजी येताना आदल्या दिवशीचा पेपर घेऊन यायचे. त्यातला चौकोनी तुकडा फाडायचा, एक उभी घडी, तिच्यावर एक आडवी घडी, आणि मधोमध दाभणानं आरपार भोक. घडी मुठीत धरून ते विचारायचे, "उलगडल्यावर भोकं किती? आणि कुठं कुठं?" किती ते सगळ्यांना यायचं. कुठं कुठं म्हटलं की गोंधळ. मग गुरुजी कागद उलगडून खिडकीसमोर धरायचे आणि चार भोकांतून उन्हाचे चार कवडसे आमच्या वह्यांवर पडायचे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या 'बुद्धिमत्ता चाचणी'ची ही आमची तयारी.

वर्गात आम्ही ४१ होतो. जादा तासाला आठ. हे आठ कुणी आणि कसे ठरवले, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. दिवाळीआधी कधीतरी गुरुजींनी हजेरीपटावरून नजर फिरवली असेल, आठ नावांपुढे पेन्सिलीनं टिंब दिलं असेल. झाली निवड.

उरलेल्या ३३ जणांत एक मुलगा होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे, आणि दिवाळी झाली की तोही टोळीबरोबर जायचा. परत यायचा तो उन्हाळ्याच्या तोंडावर. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, टनामागे काय मिळालं, खाडे किती धरले आणि आता किती फिटायची राहिली, हा हिशेब तो बापाला तोंडी सांगायचा. आम्हाला शेकडेवारी यायच्या आधीची ही गोष्ट. तो आमच्यापेक्षा हुशार होता असं मी म्हणणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. त्याला कुणी तपासलंच नाही. फॉर्म भरले तेव्हा तो गावात नव्हता आणि फेब्रुवारीत पेपर झाला तेव्हाही नव्हता.

आपल्या भाषेत दहावी-बारावीला मूल बसतं, पण स्कॉलरशिपला त्याला 'बसवतात'. "यंदा धाकटीला बसवलंय." "सरांनी आमच्याला नाही बसवलं." बोलणाऱ्यांना त्यात विशेष काही वाटत नाही, पण हुशार मुलं कशी निवडतात या सगळ्या प्रश्नाचं मर्म त्या एका प्रयोजक क्रियापदात आहे. चाचणी कशी असावी, ती न्याय्य आहे का, बुद्धी मोजता येते का, यावर गेली शंभरेक वर्षं जगभर भांडणं चालली आहेत. पण मूल चाचणीच्या बाकावर येण्याआधीच निम्म्याहून अधिक निवड उरकलेली असते, आणि ती कुणीतरी पेन्सिलीनं केलेली असते.

गुरुजींची ती कागदाची घडी मूळची पॅरिसची. हे मला फार उशिरा कळलं.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. एरवी शाळेचं तोंडही न पाहिलेली मुलं वर्गात येऊन बसली आणि त्यातल्या काहींना काही केल्या शिकवलेलं समजेना. १९०४ साली सरकारनं एक आयोग नेमला. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढायचे तर ती ओळखायची कशी, हा त्याच्यापुढचा प्रश्न. आयोगावर आल्फ्रेड बिने हा मानसशास्त्रज्ञ होता. निवड शिक्षकांच्या मतावर सोडली तर काय होईल, याचा त्याला अंदाज होता: दंगेखोर पोरं 'मंद' म्हणून वर्गाबाहेर जातील, आणि खरोखर अडलेलं पण गप्प बसणारं पोर मागच्या बाकावर तसंच राहील. म्हणून शिक्षकाच्या मताच्या जोडीला दुसरं काहीतरी हवं होतं, जे सगळ्या मुलांना सारखं लागू होईल.

थिओडोर सिमाँ या तरुण डॉक्टरला हाताशी धरून बिनेनं १९०५ साली तीस प्रश्नांची मालिका छापली. पहिले प्रश्न अगदी तान्ह्यांचे: पेटत्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेटचा तुकडा आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक कळतो का. मग तीन आकडे ऐकून परत म्हणणं, दोन रेघांतली लांब कोणती ते सांगणं. शेवटाकडे एक कागद. त्याची चौपदरी घडी, कडेला कात्रीनं एक त्रिकोणी काप, आणि प्रश्न असा की उलगडल्यावर कागद कसा दिसेल ते काढून दाखव. आमच्या गुरुजींना बिने माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या हातात एक मार्गदर्शक पुस्तिका होती. पण पॅरिसमधली ती घडी कात्री सोडून दाभण घेत, त्रिकोणाचं भोक होत, साठ-सत्तर वर्षांत आमच्या गावच्या शाळेत येऊन पोचली होती.

बिनेची मोजपट्टी मागं पडलेल्या मुलाला हात देण्यासाठी होती. एकदा मोजलं की मुलाची बुद्धी कायमची ठरली, असं तो मानत नव्हता, उलट तसं मानणाऱ्यांवर चिडायचा. १९११ साली, वयाच्या ५४व्या वर्षी तो गेला. त्यानंतर त्याच्या पट्टीचं काय झालं ते त्याला पाहावं लागलं नाही, हे एका परीनं बरंच.

पट्टी अमेरिकेत गेली आणि लुईस टर्मन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या हाती लागली. टर्मननं १९१६ साली तिची अमेरिकी आवृत्ती काढली, विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाची 'बुद्ध्यंक' ही कल्पना तिला जोडली आणि पट्टी उलटी धरली. बिने खालून मोजत होता, टर्मनला वरचं टोक हवं होतं. १९२१ साली त्यानं कॅलिफोर्नियातली अतिबुद्धिमान मुलं हुडकायला घेतली. दीड हजारांहून थोडी जास्त मुलं मिळाली, आणि पुढं ती म्हातारी होईपर्यंत त्यांचा अभ्यास चालू राहिला. मानसशास्त्रातल्या सर्वांत लांबलेल्या अभ्यासांपैकी हा एक.

आता ही मुलं हुडकली कशी ते पाहा. लाखो मुलांची एकेक करून चाचणी घ्यायला पैसा नव्हता. म्हणून टर्मनच्या माणसांनी शिक्षकांना चिठ्ठी दिली: तुमच्या वर्गातलं सर्वांत हुशार मूल कोण, दुसरं कोण, तिसरं कोण, आणि वयानं सगळ्यांत लहान कोण. चिठ्ठीत नाव आलं त्यांची चाचणी. म्हणजे परत तोच हजेरीपट आणि तीच पेन्सिल. बिनेनं ज्या मतावर निवड सोडायची नाही म्हणून पट्टी बनवली, त्याच मताला टर्मननं पट्टीच्या दारावर उभं केलं.

गंमत अशी की चिठ्ठीतली शेवटची ओळच सगळ्यांत कामाची निघाली. टर्मननं पुढं स्वतःच लिहून ठेवलं की वर्गातलं सर्वाधिक बुद्ध्यंकाचं मूल एकाच खुणेवरून शोधायचं झालं, तर शिक्षकाला विचारण्यापेक्षा पटावरचं सर्वांत लहान वयाचं नाव उचलावं. त्याचं कारण साधं होतं. शिक्षक मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करतो आणि दोघांच्या वयातलं वर्ष-दोन वर्षांचं अंतर विसरतो. सात वर्षांचं पोर नऊ वर्षांच्या पोरांत बसून जेमतेम बरोबरी करत असेल, तर शिक्षकाला ते 'बरं' वाटतं, हुशार नाही.

विल्यम शॉक्ली आणि लुई अल्वारेझ ही दोन मुलंही तेव्हा तपासली गेली होती. दोघांचा बुद्ध्यंक कमी पडला आणि टर्मनच्या यादीत त्यांची नावं गेली नाहीत. शॉक्लीला ट्रान्झिस्टरसाठी १९५६ साली आणि अल्वारेझला १९६८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. यादीतल्या दीड हजारांपैकी एकालाही ते मिळालं नाही. ही गोष्ट सांगून लोक हसतात आणि चाचणीला नावं ठेवतात. मला त्यात तेवढं हसू येत नाही. शॉक्ली आणि अल्वारेझ निदान बाकापर्यंत आले, म्हणून तर ते हुकले हे आपल्याला माहीत आहे. ज्यांचं नावच शिक्षकांच्या चिठ्ठीत गेलं नाही, त्यांच्याबद्दल सांगायला काही कागदच नाही.

अमेरिकेत 'गिफ्टेड' वर्गांचा सुकाळ झाला तो रशियानं ऑक्टोबर १९५७मध्ये स्पुटनिक सोडल्यावर. आपली मुलं गणित-विज्ञानात मागं पडली या धास्तीनं पुढच्याच वर्षी कायदा झाला, पैसा आला. तरी आजही साऱ्या देशाला लागू असा एक नियम तिथं नाही. राज्याराज्याची, कित्येकदा शाळा-जिल्ह्यागणिक वेगळी तऱ्हा. ढोबळ रीत मात्र एकच: आधी शिक्षक किंवा पालक मुलाचं नाव सुचवणार, मग चाचणी, मग एक समिती चाचणीचे गुण, वर्गातली कामगिरी आणि शिक्षकाचा शेरा समोर ठेवून निर्णय घेणार. चाचण्यांची नावं तिथल्या मराठी घरांतही तोंडपाठ आहेत. कॅलिफोर्नियात, न्यू जर्सीत गणपतीच्या आरतीनंतर पानं वाढेपर्यंत दोन आयांचं बोलणं 'कॉगॅट'वर गेलं नाही तर नवल. कॉगॅटमध्ये शब्दांचे, आकड्यांचे आणि आकृत्यांचे असे तीन भाग असतात. नॅग्लिएरी नावाची दुसरी चाचणी नुसत्या आकृत्यांची: एका नक्षीतला तुकडा कापून काढलेला आणि खाली पाच तुकडे, यातला कोणता बसेल? भाषा न येणाऱ्या मुलालाही ती देता यावी, हा हेतू.

बऱ्याच ठिकाणी सीमारेषा असते बुद्ध्यंक १३०. सरासरी १०० धरली तर शंभरात साधारण दोन मुलं तिच्यावर जातात. आकडा ऐकायला भक्कम वाटतो, पण एकाच मुलाची चाचणी या आठवड्यात आणि पुढच्या महिन्यात घेतली, तर चार-पाच गुण इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं. सर्दी झाली, तपासणीस अनोळखी होता, सकाळी नाश्ता नव्हता. १२८चं मूल आणि १३१चं मूल यांत फरक आहे असं कोणताही जाणता मानसशास्त्रज्ञ म्हणणार नाही. शाळेला मात्र दार कुठंतरी लावावं लागतं.

न्यूयॉर्क शहरानं हा खेळ टोकाला नेला. २००८पासून तिथं बालवाडीच्या प्रवेशासाठी चार वर्षांच्या मुलांची शहरभर एकच चाचणी सुरू झाली आणि एकच सीमारेषा ठरली: आपल्या भागातल्या गिफ्टेड वर्गासाठी शंभरात ९० मुलांच्या पुढं असायचं, शहरातल्या निवडक शाळांसाठी ९७ मुलांच्या. हेतू चांगला होता. आधी प्रत्येक भाग आपापल्या मर्जीनं निवडायचा, वशिला चालायचा. आता सगळ्यांना एक माप. झालं असं की सधन वस्त्यांमधून वर्ग भरून वाहू लागले आणि गरीब वस्त्यांमध्ये पात्र मुलंच पुरेशी मिळेनात, तिथं वर्ग उघडेनात. चार वर्षांच्या पोरांना शिकवण्या लागल्या, सरावाच्या वह्या निघाल्या. २०१३मध्ये गुण मोजताना कंपनीनं मुलांची वयं दिवसांसकट न धरता वर्षं-महिन्यांत धरली आणि अशा चुकांमुळं हजारो मुलांना चुकीचा निकाल गेला. नंतर तो दुरुस्त झाला. चार वर्षांच्या वयात काही दिवसांनीही निकाल फिरतो, हे मात्र त्यातून सगळ्यांना दिसलं. शेवटी २०२१मध्ये ती चाचणी बंद झाली. त्यानंतर बालवाडीआधीच्या शिक्षिका नावं सुचवू लागल्या आणि पात्र मुलांची सोडत निघू लागली. चाचणीला कंटाळून शहर पुन्हा पेन्सिलीवर आलं, फक्त या वेळी तिला चिठ्ठ्यांची जोड होती.

मला या सगळ्यात सर्वांत उद्बोधक वाटतो तो फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचा अनुभव. हा अमेरिकेतल्या मोठ्या शाळा-जिल्ह्यांपैकी एक आहे, लाखांत मुलं, त्यांत काळी, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली, नुकतीच देशात आलेली अशी पुष्कळ. फ्लोरिडाचा नियम १३०चा. ज्यांना शाळेत सवलतीचं जेवण मिळतं किंवा ज्यांचं इंग्रजी अजून कच्चं आहे, त्यांच्यासाठी ब्रॉवर्डमध्ये रेषा ११६ची. म्हणजे गरिबाला सवलत कागदावर होतीच. तरीही गिफ्टेड वर्गांत गरीब, काळी आणि स्पॅनिश भाषक मुलं त्यांच्या संख्येच्या मानानं फारच थोडी. लोक म्हणायचे, काय करणार, चाचणीत उतरतच नाहीत.

२००५मध्ये जिल्ह्यानं एकच गोष्ट बदलली. रेषा तीच ठेवली, बुद्ध्यंकाची चाचणीही तीच. फक्त दुसरीतल्या सगळ्या मुलांना, कुणी सुचवो न सुचवो, वर्गातच नॅग्लिएरीची आकृत्यांची चाचणी दिली. तिच्यात जे वर आले त्यांना पुढच्या पूर्ण चाचणीला पाठवलं. हजेरीपटावरची टिंबं काढून टाकली, एवढंच.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढं या काळातली आकडेवारी तपासली. (कार्ड यांना नंतर, २०२१ साली, दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं.) गिफ्टेड ठरलेल्या गरीब मुलांचं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलं होतं. स्पॅनिश भाषक मुलांचं १३० टक्क्यांनी, काळ्या मुलांचं ८० टक्क्यांनी. आणि ही मुलं कशीबशी रेषा ओलांडून आलेली नव्हती, बरीचशी रेषेच्या चांगलीच वर होती. वर्षानुवर्षं ती त्याच शाळांमध्ये, त्याच बाकांवर बसत होती. त्यांना कुणी बसवलं नव्हतं.

का नाही बसवलं? यात दुष्टपणा शोधायला गेलं तर फारसा सापडत नाही. आधीच्या पद्धतीत शिक्षक किंवा पालकानं नाव द्यायचं होतं. ज्या आईला इंग्रजी येत नाही, जी दोन पाळ्यांत काम करते, तिला असा काही वर्ग असतो हेच माहीत नसतं. सधन पालकाला ते माहीत असतं. शाळेच्या मानसशास्त्रज्ञाकडे रांग असेल तर तो खासगी मानसशास्त्रज्ञाकडून पैसे मोजून चाचणी करून घेतो, आणि एकदा हुकली तर दुसऱ्याकडून परत. शिक्षिकेचं म्हणाल तर तिच्या डोळ्यांपुढे 'हुशार मूल' असं एक चित्र असतं: हात वर करणारं, वही नीट ठेवणारं, शब्दसंपत्ती घरूनच घेऊन आलेलं. खूप प्रश्न विचारणारं सधन घरातलं पोर जिज्ञासू ठरतं, तेच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी आगाऊपणाचे वाटतात. हे आपल्याला फ्लोरिडात जाऊन शिकायची गरज नाही.

त्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट तर मला जास्तच विचार करायला लावते. चौथी-पाचवीत एखाद्या शाळेत गिफ्टेड मुलं दोन-चारच निघाली तरी त्यांचा वर्ग वेगळा करायचा, असा ब्रॉवर्डचा नियम होता. दोन-चार मुलांचा वर्ग कसा चालवणार? म्हणून उरलेल्या जागा आधीच्या वर्षी परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवलेल्या मुलांनी भरत. ही मुलं गिफ्टेड नव्हती, भरतीची होती. लग्नाच्या पंगतीत पान रिकामं राहू नये म्हणून शेजाऱ्याला बसवतात तशी. कार्ड-जुलियानोंनी पाहिलं, तर त्या वर्गाचा खरा फायदा याच मुलांना झाला होता. विशेषतः काळी आणि स्पॅनिश भाषक मुलं गणितात आणि वाचनात ठळकपणे पुढं गेली. बुद्ध्यंकावर निवडलेल्या मुलांच्या गुणांत मात्र त्या वर्गामुळं म्हणावा असा फरक पडलाच नाही. म्हणजे मोठ्या खटाटोपानं, पैसे घालून ज्यांना शोधलं, त्यांच्यापेक्षा रिकाम्या जागेवर आलेल्यांनाच त्या जागेचा उपयोग जास्त झाला. निवड करताना 'कोण श्रेष्ठ' यापेक्षा 'या वर्गानं कुणाचं भलं होईल' हा प्रश्न विचारायला हवा, असं यावरून मला तरी वाटतं. पण हा प्रश्न विचारणारी समिती मी अजून पाहिलेली नाही.

पुढं आलेल्या आर्थिक मंदीनंतर ब्रॉवर्डचा पैसा आटला आणि सगळ्यांची चाचणी थांबली. गरीब मुलांचे आकडे परत जवळपास होते तिथं आले.

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळ्या बाजूनं हात घातला तो नवोदय विद्यालयांनी. पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६मध्ये निघाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ती योजना म्हणून आली, आणि आज देशात साडेसहाशेच्या वर आहेत. तमिळनाडूनं ती घेतली नाहीत. धोरण आलं तेव्हा केंद्रातलं शिक्षण खातं पी. व्ही. नरसिंह राव यांच्याकडे होतं. आधी आंध्रात सत्तेत असताना त्यांनी सर्वेल इथं हुशार ग्रामीण मुलांसाठी अशीच एक निवासी शाळा काढून पाहिली होती.

नवोदयच्या एका शाळेत सहावीच्या ८० जागा. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. देशभरातून वीसेक लाख मुलं अर्ज करतात, आणि जागा पन्नासेक हजार. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे आणि सगळे आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा कोणती, मोठ्या आकृतीत दडलेली छोटी आकृती शोधा. आणि हो, घडी घालून भोक पाडलेला कागद. बिनेचा कागद इथंही आहे. उरलेले २० अंकगणिताचे, २० भाषेचे, आणि मुलाला हा पेपर मराठीसकट विसाच्या आसपास भाषांपैकी आपल्या भाषेत देता येतो.

पण नवोदयचं खरं शहाणपण पेपरात नाही, जागांच्या वाटणीत आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना त्यांच्या वाट्याच्या. मूल ज्या जिल्ह्यात शिकतं त्याच जिल्ह्याच्या विद्यालयात अर्ज करायचा. म्हणजे मेळघाटातल्या मुलीला पुण्यातल्या मुलाशी झुंजावं लागत नाही, तिचा सामना आसपासच्याच मुलांशी. न्यूयॉर्कनं सगळ्या शहराला एक रेषा लावून जे गमावलं, ते इथं जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी रेषा ठेवून थोडंफार राखलं. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण खेड्यातल्या शाळेत झालेली लागतात. हा नियम कुणामुळं घालावा लागला, ते तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना सांगायला नको.

तरीही दारावर कुणीतरी उभं आहेच. अर्ज आता ऑनलाइन, त्याला मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र जोडायचं, आणि परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ज्या गावात एखादा मुलगा पूर्वी 'नवोदयला लागला', त्या गावातून पुढं दरवर्षी अर्ज जातात. शेजारच्या गावातून एकही नाही. खासगी नवोदय क्लास तालुक्याला आहेत, काही निवासीही. मोफत शाळेत जाण्यासाठी आधी वर्षभर पैसे भरून राहायचं.

चाचणीच पालटून पाहण्याचाही एक मोठा प्रयत्न आपल्याकडे झाला. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९मध्ये तिची प्रशाला. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की बुद्धी एकसंध नसते, आठवणं, पारखणं, एकाच प्रश्नाला अनेक वाटांनी भिडणं अशा तिच्या कितीतरी वेगवेगळ्या क्षमता असतात. प्रबोधिनीनं ते म्हणणं घेऊन मराठी मुलांसाठी स्वतःच्या चाचण्या बांधल्या. बुद्ध्यंकाच्या एका आकड्यापेक्षा हे कितीतरी समंजस आहे. फॉर्म मात्र ज्या घराला प्रबोधिनी काय आहे ते माहीत, त्याच घरातून येणार.

शिष्यवृत्ती परीक्षा या सगळ्यांत जुनी, १९५४-५५पासूनची. पूर्वी ती चौथी-सातवीला होती, २०१६-१७पासून काही वर्षं पाचवी-आठवीला गेली. एका बाजूला भाषा आणि गणित, दुसऱ्या बाजूला इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी, दोन पेपर मिळून ३०० गुण. शिष्यवृत्तीची जुनी रक्कम ऐकली तर आजचा मुलगा हसेल. पण गुणवत्ता यादीत मूल आलं की गावात फलक लागतो, शाळेचं नाव होतं, गुरुजींचा सत्कार होतो. आणि त्या फलकाचीच तर अडचण आहे.

मागच्या हिवाळ्यात एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. दुपारची सुट्टी झाली होती, खिचडीची ताटं धुतल्याचा आवाज येत होता. पाचवीचे सर तरुण होते, कामाला वाघ. टेबलावर सराव पेपरांचा गठ्ठा, त्यावर मुलांनी काळी केलेली वर्तुळं. एका कागदाला चौपदरी घडी घातलेली होती.

"यंदा किती बसवलीत, सर?"

"अकरा."

"वर्गात किती?"

"एकोणतीस."

मी काही बोललो नाही. त्यांनीच गठ्ठा सरळ केला.

"सगळी बसवता येतात हो. पण पात्र किती झाली ते बसलेल्यांवरून काढतात. एकोणतीस बसवून नऊ पात्र झाली तर वरती विचारतात, बाकीची काय करत होती. अकरातली नऊ झाली तर फोटो छापून येतो."

बाहेर घंटा झाली. त्यांनी घडीचा कागद उलगडून खिडकीशी धरला, भोकं मोजली, आणि पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. जादा तास चारला होता.